खान्देशी हिवाळ्यासाठी झटपट विणीच्या शाली

झटपट विणायची शाल म्हणजे दोन सुयांवर, मोजक्या साध्या टाक्यांत, थोड्या संध्याकाळींत पुरी होणारी आणि तरीही रोज अंगावर घ्यावीशी वाटणारी शाल. स्वेटरला मुंढा, बाही, गळा अशी अनेक मापे जुळवावी लागतात, तुकडे शिवून जोडावे लागतात. शालीला हे काहीच लागत नाही, म्हणून विणकाम नुकतेच शिकलेल्या हाताला पहिले मोठे काम म्हणून बहुधा शालच सुचवली जाते. आराखडा करणाऱ्यासाठी मात्र शाल सोपी नाही. तिचे क्षेत्रफळ मोठे असते, दोन्ही बाजू दिसतात, कडा उघड्या राहतात आणि चूक लपवायला शिवण नसते. शालीला लागणारा वेळही पहिला टाका घालण्याआधीच ठरलेला असतो. धागा किती जाड, सुई कितव्या नंबरची, वीण किती मोकळी आणि आकार कोणता, या चार निर्णयांवर तो अवलंबून असतो. विणणारीचा हात कितीही चपळ असला, तरी ५५ हजार टाक्यांची शाल २७ हजार टाक्यांच्या शालीइतक्या वेळात होत नाही.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत या प्रश्नाला स्थानिक बाजूही आहे. इथली थंडी थोड्या दिवसांची असते, विणायला मिळणारा वेळ त्याहून थोडा असतो, आणि विणकामाचा धागा मुख्यतः पंजाबातून येतो, तोही कापसाच्या मुलखात. खान्देशासाठी शाल आखायची तर या तिन्ही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

हवामान आणि वापर

तापीच्या खोऱ्यातली ही सखल भूमी आहे. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर आहे, धुळे त्याहून थोडे उंच. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. हिवाळ्यात दुपारी २८ ते ३० अंश आणि पहाटे १० ते १२ अंश असा फरक नेहमीचा असतो. थंडीची लाट आली की धुळ्यात पारा ५-६ अंशांपर्यंतही उतरतो. म्हणजे शाल दिवसभर अंगावर राहत नाही. दिवेलागणीला ती खांद्यावर येते आणि सकाळी नऊच्या सुमारास घडी होऊन पिशवीत किंवा खुंटीवर जाते. काश्मीर किंवा हिमाचलासाठी आखलेली जाड, जड शाल इथे थोडा वेळ ऊब देते आणि मग ओझे होते. इथे शाल हलकी, घडी लहान होणारी आणि एकेरी-दुहेरी अशी दोन्ही प्रकारे पांघरता येणारी हवी.

वापरणाऱ्यांच्या गरजाही वेगवेगळ्या असतात. सकाळी ओट्यावर बसणाऱ्या आजीला डोके, कान आणि छाती एकदम झाकणारी लांब शाल लागते. रब्बीच्या गव्हा-हरभऱ्याला रात्रीच्या विजेवर पाणी भरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला हात मोकळे ठेवणारी, छातीवरून फिरवून मागे गाठ मारता येणारी शाल सोयीची. दुचाकीवरून महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीला आखूड आणि लोंबती टोके नसलेली शाल हवी, कारण चाकात अडकणारी शाल जिवावर बेतू शकते. रेल्वेने जळगाव-भुसावळ ये-जा करणाऱ्याला ती पिशवीत मावली पाहिजे. एकच नमुना या सगळ्यांना पुरत नाही. शाल कोणासाठी आहे, हे आधी ठरले की तिची लांबी-रुंदी आपोआप ठरते.

खान्देशातली पांघरुणे आणि धागा

पांघरुणाची इथली परंपरा विणलेल्या शालीची नाही. मेंढपाळांची घोंगडी, जुन्या लुगड्यांची गोधडी आणि मागावरची चादर ही इथली जुनी पांघरुणे. काश्मिरी शालसुद्धा मागावरचीच. दोन सुयांचे विणकाम भारतात रुजले ते प्रामुख्याने १९ व्या शतकात, युरोपीय कुटुंबे आणि मिशनऱ्यांच्या शाळा यांच्यामार्फत. पुढे शाळांतले हस्तव्यवसायाचे तास आणि शेजारपाजारच्या बायका यांच्याकडून ते घरोघर पोचले. घरातला भर स्वेटर, कानटोपी, मोजे आणि बाळाच्या टोपड्यावर राहिला आणि शाल मागे पडली. त्यामुळे शालीचा आराखडा करताना इथे जुन्या चौकटीचे बंधन नाही.

घोंगडीचा धागा जवळच मिळतो. साक्रीच्या बाजूचे ठेलारी आणि धनगर मेंढपाळ दख्खनी मेंढ्या पाळतात. या मेंढीची लोकर काळी-करडी, जाडीभरडी आणि राठ असते. मेरिनोचा तंतू साधारण १७ ते २४ मायक्रॉनचा असतो. तंतू ३० मायक्रॉनच्या पुढे गेला की बहुतेकांच्या त्वचेला टोचू लागतो आणि दख्खनी लोकर त्याच्या बरीच पुढे आहे. चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पाऊस आणि वारा दोन्ही अडवते, पण मानेभोवती घ्यायच्या शालीला ही लोकर नुसती चालत नाही. शेतात बाहेरून पांघरायच्या शालीत किंवा मऊ धाग्याच्या शालीला बाहेरची जाड कड म्हणून ती शोभते आणि टिकतेही.

बाजारात ‘लोकर’ म्हणून जे गुंडे मिळतात, ते बहुतांशी ॲक्रिलिकचे असतात. लुधियाना हे या धाग्याचे देशातले मोठे केंद्र. वर्धमान, ओसवाल ही नावे जळगाव-धुळ्याच्या दुकानांतही ओळखीची आहेत. ॲक्रिलिक स्वस्त, रंगांनी समृद्ध आणि वजनाने हलके. त्याची घनता घन सेंटिमीटरला सुमारे १.१८ ग्रॅम आहे. लोकरीची १.३१ आणि कापसाची १.५४ ग्रॅम. म्हणून सारख्या जाडीच्या धाग्यांत कापसाची शाल जड भरते. ॲक्रिलिक ओल मात्र जेमतेम दीड-दोन टक्के शोषते, तर कापूस साडेआठ आणि लोकर सोळा टक्क्यांच्या आसपास. कोरड्या हवेत ॲक्रिलिकची शाल केसांना चिकटते आणि चटचट आवाज करते. तिचा मोठा धोका शेकोटीपाशी आहे. ठिणगी पडली की ॲक्रिलिक वितळते आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. लोकर सहज पेट घेत नाही आणि जाळ दूर झाला की बहुधा आपोआप विझते. हिवाळ्यात शेकोटीभोवती बसणाऱ्या गावांसाठी शाल आखताना हा मुद्दा रंगाच्या आधी यायला हवा.

कापसाशी या प्रदेशाचे नाते फार जुने आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६० च्या दशकात, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस कमी पडला आणि खान्देशच्या कापसाला भाव आला. त्याच सुमारास आलेल्या रेल्वेने जळगावला बाजारपेठ बनवले. १८७० च्या दशकात जळगावात खान्देश मिल उभी राहिली, नंतर अमळनेरला प्रताप मिल आली. जरीला, विरनार ही देशी वाणे इथल्या शेतांत नांदली आणि पुढे संकरित वाणांनी त्यांची जागा घेतली. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे ग्रामीण भागातले पहिले अधिवेशन झाले, तेव्हा तिथे खादी आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शनही भरले होते. आज शिरपूर आणि धुळ्याजवळच्या मोराण्याला सहकारी सूतगिरण्या आहेत आणि धुळे शहरात यंत्रमाग आहेत. पण हे सूत मागासाठी कातलेले असते. हाताने विणायचा कापसाचा धागा म्हणून ते दुकानात क्वचितच दिसते.

थोडे गणित केले तर मागाचे सूत शालीला वापरता येते. इंग्रजी पद्धतीच्या एका नंबराचे सूत ग्रॅमला १.६९ मीटर भरते, म्हणजे २० नंबरचे सूत ग्रॅमला सुमारे ३४ मीटर. त्याचे आठ पदर एकत्र केले की ग्रॅमला सव्वाचार मीटरचा धागा होतो, तो बाजारातल्या चार पदरी लोकरीच्या जाडीचा. सोळा पदर घेतले तर ग्रॅमला २.१ मीटर, म्हणजे आठ पदरी लोकरीच्या जवळचा. पदर नुसते शेजारी धरून विणले तर सुईचे टोक त्यांच्यात शिरते आणि टाका फाटतो, म्हणून त्यांना आधी हलका पीळ द्यावा लागतो. चरख्यावर किंवा टकळीवर तो देता येतो. पीळ सुताच्या मूळ पिळाच्या उलट दिशेने दिला की धागा मऊ होतो आणि विणलेले कापड तिरके पडत नाही.

केळीच्या खांबापासून निघणारा धागा हा रावेर-यावलचा आणखी एक स्थानिक पर्याय. तो मजबूत आहे, पण ताठ आहे. अंगाला लागणाऱ्या कापडापेक्षा शालीची दोरी, फास किंवा बटण गुंडाळायला तो योग्य.

सुई आणि टाक्यांचे माप

सुयांचे नंबर आपल्याकडे अजून जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत. नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर, ६ नंबरची ५, ४ नंबरची ६ आणि शून्य नंबरची ८ मिलिमीटर. तीन शून्यांची सुई १० मिलिमीटरची असते. परदेशी नमुन्यांत सुई थेट मिलिमीटरमध्ये असते, म्हणून आराखड्यात दोन्ही आकडे द्यावेत.

शालीचा वेळ मोजायचा सरळ मार्ग म्हणजे एकूण टाके मोजणे. उदाहरणासाठी ५० सेंटिमीटर रुंद आणि १८० सेंटिमीटर लांब शाल घ्यावी. आठ पदरी धागा ८ नंबरच्या सुईवर सुलट-उलट ओळींनी विणला तर १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आणि २८ ओळी बसतात. शालीला ११० टाके आणि ५०४ ओळी लागतात, म्हणजे ५५,४४० टाके. मिनिटाला २५ टाके धरले तर हे ३७ तासांचे काम. तोच धागा ४ नंबरच्या सुईवर मोकळ्या जाळीत विणला तर १० सेंटिमीटरला १५ टाके आणि २० ओळी येतात. टाके २७,००० होतात आणि वेळ १८ तासांवर उतरतो. अगदी जाड धागा तीन शून्यांच्या सुईवर विणला, १० सेंटिमीटरला १० टाके आणि १४ ओळी, तर १२,६०० टाक्यांत, साडेआठ तासांत शाल होते.

तिसरा मार्ग सर्वांत वेगवान दिसतो आणि झटपट शालींचे बहुतेक परदेशी नमुने त्याच वाटेने जातात. खान्देशात मात्र तो पहिला पर्याय ठरू नये. जाड धाग्याची ही शाल साधारण ५०० ग्रॅमची होते, पहिली साधारण ४०० ग्रॅमची आणि मधली ३०० ग्रॅमच्या आत. मधल्या शालीला धागाही सर्वांत कमी लागतो आणि वेळ पहिल्याच्या निम्मा. इथल्या हवेसाठी झटपट शालीचे सूत्र असे मांडता येते: धागा मध्यम किंवा बारीक, सुई त्याच्या नेहमीच्या सुईपेक्षा तीन-चार नंबर जाड, आणि वीण मोकळी. सैल वीण अंगावर चांगली पडते, घडी लहान होते आणि दुहेरी पांघरली की दोन थरांमध्ये हवा अडकून ऊब वाढते.

सैलपणाला मर्यादा आहे. कापसाला लोकरीसारखी लवचीकता नसते. सैल विणलेली सुती शाल स्वतःच्या वजनाने लांबते आणि अरुंद होते. म्हणून सुती धाग्याला नेहमीच्या सुईपेक्षा दोन-तीन नंबरांहून अधिक जाड सुई घेऊ नये आणि शालीची लांबी आराखड्यात थोडी कमी धरावी. नमुन्याचा तुकडा किमान १५ सेंटिमीटरचा विणून, धुऊन, टांगून वाळवावा आणि मगच मोजावा. न धुतलेल्या तुकड्यावर केलेले गणित सुती शालीत हमखास फसते.

वीण

सगळ्या ओळी सुलट विणल्या की जी आडव्या वळ्यांची वीण होते, ती शालीची सर्वांत भरवशाची वीण. दोन्ही बाजू सारख्या दिसतात, कडा वळत नाहीत आणि हाताला उलट टाका घालावा लागत नाही. पण ती सर्वांत झटपट आहे हा समज अर्धाच खरा. ही वीण उंचीत दबते. २२ टाक्यांच्या मापात सुलट-उलट विणीच्या २८ ओळी बसतात, तिथे या विणीच्या सुमारे ४४ ओळी लागतात. टाका पटकन पडतो, पण टाके दीडपटीहून अधिक होतात. म्हणून ही वीण मोठ्या सुईवर आणि जाळीच्या पट्ट्यांच्या सोबतीने वापरावी.

सुलट-उलट ओळींची गुळगुळीत वीण शालीला एकटी चालत नाही, कारण तिच्या कडा गुंडाळल्या जातात. एक सुलट एक उलट अशी वीण लवचीक असते, पण दर टाक्याला धागा पुढे-मागे न्यावा लागल्याने हात मंदावतो. पिळाच्या वेण्या अधिक धागा खातात आणि वजन वाढवतात. या तिन्ही विणी झटपट शालीत कडेपुरत्या किंवा एखाद्या पट्टीपुरत्या ठेवाव्यात.

वेग देणारी वीण जाळीची. सुईवर दोरा घ्यायचा आणि पुढचे दोन टाके मिळून एक विणायचा, एवढ्यात एक भोक तयार होते आणि टाक्यांची संख्या तीच राहते. लाटांची नक्षी हे याचे उत्तम उदाहरण. शेटलंड बेटांवर ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. १८ टाक्यांचे एक घर: दोन-दोन टाके मिळून एक असे तीनदा, मग दोरा घेऊन एक सुलट असे सहादा, पुन्हा दोन-दोन मिळून एक असे तीनदा. चार ओळींत नक्षीची ओळ एकच, बाकीच्या तीन साध्या. लक्ष फक्त दर चौथ्या ओळीला द्यावे लागते, म्हणून गप्पा मारत किंवा मुलांचा अभ्यास घेत विणता येते. लाटांमुळे दोन्ही टोकांना आपोआप झालर येते आणि वेगळी कड विणावी लागत नाही.

याहून कमी कष्टांत उंची मिळवायची असेल तर लांब टाक्यांची ओळ घालावी. टाका विणताना सुईवर दोरा एकाऐवजी दोनदा गुंडाळायचा आणि पुढच्या ओळीत जादा वेढा सोडून द्यायचा. ४ नंबरच्या सुईवर एका ओळीत जवळपास एक सेंटिमीटर उंची वाढते. १८० सेंटिमीटरच्या शालीत अशा ४५ ओळी पेरल्या तर शालीचा जवळजवळ चौथा भाग त्यांनीच भरून निघतो. लांब टाके अडकतात, म्हणून दोन्ही बाजूंना चार-चार टाक्यांची घट्ट कड ठेवणे आणि लांब ओळींमध्ये किमान तीन साध्या ओळी घालणे आवश्यक.

आकार

आयत हा सर्वांत सोपा आकार. टाके वाढवणे-घटवणे नाही, कुठेही थांबता येते आणि दोन्ही टोके सारखी पडतात. आजीसाठी ५०-५५ सेंटिमीटर रुंदी आणि १८० ते २०० सेंटिमीटर लांबी पुरते. दुहेरी पांघरायची असेल तर रुंदी ७० पर्यंत न्यावी.

त्रिकोण कमी टाक्यांत होतो. वरची कड १५० सेंटिमीटर आणि मधली खोली ७५ सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ सुमारे ५,६०० चौरस सेंटिमीटर भरते, ५० बाय १८० च्या आयताचे ९,०००. म्हणजे काम सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी. मानेपाशी थोड्या टाक्यांवर सुरू करून दर दुसऱ्या ओळीला चार टाके वाढवणे, दोन कडांना आणि दोन मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, ही त्याची प्रचलित रीत. अडचण एवढीच की हा त्रिकोण सुरुवातीला भराभर वाढतो आणि शेवटी थांबल्यासारखा वाटतो. ओळी ७१ टक्के झाल्या तेव्हा कुठे धागा निम्मा संपतो आणि शेवटच्या दहा टक्के ओळी एकोणीस टक्के धागा घेतात. हे माहीत नसेल तर अखेरच्या ओळीत लोकर अपुरी पडते. आराखड्यात नक्षी वरच्या भागात आणि साधी, मोकळी वीण खाली ठेवली तर विणणारीचा उत्साह टिकतो.

एका कोपऱ्यातून सुरू होणारा तिरका त्रिकोण यापेक्षा मोकळा. तीन टाक्यांवर सुरू करून एकाच कडेला टाका वाढवत जायचे आणि धागा संपत आला की टाके बंद करायचे. धाग्याचे प्रमाण आधी ठरवावे लागत नाही, म्हणून उरलेल्या गुंड्यांची शाल करायला हाच आकार निवडावा. चौकोनही कोपऱ्यातून विणता येतो. गुंडे वजनकाट्यावर ठेवून निम्मा धागा संपेपर्यंत टाके वाढवायचे आणि मग त्याच गतीने घटवायचे.

काम करताना खांद्यावरून न घसरणाऱ्या शालीचे दोन नमुने अभ्यासण्यासारखे आहेत. फेरो बेटांच्या शालीत पाठीमागे एक कळी असते आणि खांद्यांवर टाके घटवलेले असतात, त्यामुळे ती पिनेशिवाय बसते. शेटलंडची रोजच्या वापराची शाल छातीवर आडवी फिरवून पाठीमागे बांधली जाई. तिचा मधला भाग साध्या सुलट विणीचा आणि भोवती लाटांची पट्टी. रात्री पाणी भरणाऱ्याला किंवा पहाटे गोठ्यात जाणाऱ्या बाईला अशीच शाल हवी, फक्त धागा इथल्या हवेचा.

वर्तुळाकार शालीचे तत्त्व एलिझाबेथ झिमरमन (१९१०-१९९९) या विणकाम-शिक्षिकेने सोपे केले. परीघ त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो, म्हणून त्रिज्या दुप्पट झाली की एकाच फेरीत टाके दुप्पट करायचे. ९ टाक्यांवरून १८, ३६, ७२, १४४, २८८ असे. मधल्या फेऱ्यांत एकही टाका वाढवायचा नाही, त्यामुळे तिथे हवी ती जाळी घालता येते. शिकायला हा आकार सुंदर आहे. मात्र शेवटच्या फेऱ्या फार लांब होतात, म्हणून तो झटपट शालींच्या यादीत शेवटी येतो.

कडा, रंग, गोंडे

सैल शालीचा घात बहुधा घट्ट कडांनी होतो. टाके घालताना दोन नंबर जाड सुई वापरावी आणि बंद करताना दोन टाके मिळून सुलट विणून, तयार झालेला टाका पुन्हा डाव्या सुईवर घेण्याची लवचीक रीत वापरावी. दर ओळीचा पहिला टाका न विणता उचलला की बाजूच्या कडेला साखळी पडते आणि ती सरळ राहते.

पट्ट्यांनी शाल उठून दिसते, पण प्रत्येक रंगबदल दोन टोके मागे ठेवतो. वीस बदल म्हणजे चाळीस टोके सुईने खोवणे, म्हणजे एक पूर्ण संध्याकाळ. दर दोन ओळींच्या पट्ट्यांत धागा कडेने वर नेला तर हे काम वाचते. मोकळ्या विणीवर बारीक रंगकाम दिसत नाही. एकच ठळक रंग किंवा हळूहळू बदलत जाणारा रंगीत धागा तिथे अधिक शोभतो.

गोंड्यांचा धागा आधीच बाजूला काढावा. दोन्ही टोकांना दर दोन सेंटिमीटरवर ३० सेंटिमीटरचे चार पदर लावले तर ५२ सेंटिमीटर रुंदीच्या शालीला सुमारे ६२ मीटर, म्हणजे तीसेक ग्रॅम धागा जातो. शेतातल्या आणि दुचाकीवरच्या शालीला गोंडे नकोतच. तिथे एका कडेला फास आणि दुसऱ्या कडेला मोठे लाकडी बटण अधिक उपयोगी.

क्रोशा आणि हातमशिन

तोरणे आणि रुमालांमुळे क्रोशाची सुई अनेक घरांत आहेच. साखळी, मुका खांब आणि खांब या तीन टाक्यांत शाल होते. खांब उंच असल्याने ओळ झपाट्याने वाढते, एका वेळी एकच टाका सुईवर असल्याने निसटण्याची भीती नसते आणि चूक उसवणे सोपे जाते. उलट बाजूने, क्रोशा धागा अधिक खातो आणि कापड जरा ताठ होते. दोन सुयांची शाल आणि क्रोशाची कड हा दोन्हींचा चांगला मेळ आहे.

हाताने चालवायच्या विणकाम-मशिनवर साधी वीण काही तासांत होते. मशिनची गुळगुळीत वीण कडेला वळते, म्हणून तिला हाताची किंवा क्रोशाची चौकट द्यावी लागते. बचत गटात एकीने मशिनवर मधला भाग आणि बाकीच्यांनी कडा असे वाटून घेतले, तर एकाच मापाच्या अनेक शाली वेळेत होतात.

नमुना लिहिणे

आराखडा दुसऱ्याच्या हातून उतरला तरच तो पुरा झाला. लिखित नमुन्यात धाग्याची जात, ग्रॅम आणि मीटर दोन्ही, सुईचा नंबर आणि मिलिमीटर, धुतलेल्या तुकड्याचे माप, तयार शालीचे माप आणि नक्षीची पट हे सगळे हवे. वरच्या लाटांच्या नक्षीची शाल अशी लिहिता येईल: १८ च्या पटीत टाके आणि कडेचे ६, म्हणजे चार घरांना ७८ टाके. १० सेंटिमीटरला १५ या मापाने रुंदी ५२ सेंटिमीटर. चार ओळींची नक्षी ९० वेळा, म्हणजे ३६० ओळी आणि १८० सेंटिमीटर लांबी. एकूण २८,०८० टाके, मिनिटाला २५ टाक्यांच्या वेगाने पावणेएकोणीस तास. रुंदी वाढवायची तर एक पूर्ण घर वाढवावे, १२ सेंटिमीटर वाढतात. पदांची संक्षिप्त रूपे मराठीत आणि नमुन्याच्या सुरुवातीलाच द्यावीत, शिवाय चौकटींचा तक्ताही जोडावा. प्रसिद्धीआधी नमुना न पाहिलेल्या दोघींकडून, वेगवेगळ्या धाग्यांत, विणून घ्यावा. मापातली चूक तिथेच सापडते.

शेवटची मांडणी, निगा आणि मोल

लोकरीची जाळी ओली करून, ताणून, टाचण्यांनी सपाट वाळवली की नक्षी उघडते आणि शाल मोठी होते. सुती शाल ओली असताना आकार देऊन आडवीच वाळवावी. ॲक्रिलिकवर पाण्याचा परिणाम टिकत नाही. त्याला दुरून वाफ द्यावी लागते आणि वाफ जास्त झाली तर धागा कायमचा लुळा पडतो. शेतातल्या धुळीची शाल वारंवार धुवावी लागते, आणि त्या बाबतीत सुती शालीला तोड नाही. लोकरीच्या शालीला गरम पाणी आणि घासणे दोन्ही वर्ज्य. उन्हाळा-पावसाळ्यात ती पूर्ण वाळवून, कडुनिंबाच्या सुक्या पाल्यासह सुती कापडात बांधून ठेवावी.

शालीचा हंगाम जळगावात कार्तिकी एकादशीच्या रथोत्सवापासून महाशिवरात्रीपर्यंत, म्हणजे जेमतेम तीन-चार महिन्यांचा. याच दिवसांत कापसाची वेचणी चालते आणि शेतावर जाणाऱ्या बायकांचे हात मोकळे नसतात. म्हणून धागा आणि नमुना ऑगस्टपर्यंत ठरावा आणि विणकाम नवरात्रापर्यंत उरकावे. विक्रीला नेलेल्या शालीची तुलना लुधियानाच्या यंत्रावरच्या शालीशी होते आणि हातविणीला त्या भावात उतरावे लागते. अशा वेळी ३७ तासांच्या शालीऐवजी १८ तासांची शाल आखली, तर त्याच किमतीत विणणारीला तासाला दुपटीहून अधिक मोबदला पडतो, कारण धागाही कमी लागलेला असतो. शालीच्या किमतीत आधी धागा, मग तास आणि त्यानंतर नफा मोजावा. तास मोजले नाहीत तर बायकांचे श्रम फुकट धरले जातात. झटपट शालीचा नीट केलेला आराखडा हे श्रम वाचवतो आणि उरलेल्यांचे मोल वाढवतो. खान्देशच्या कापसाला विणकामाच्या सुईपर्यंत आणायचे असेल, तर सुरुवात अशाच हलक्या, मोकळ्या, थोड्या तासांत होणाऱ्या सुती शालींपासून करणे शहाणपणाचे ठरेल.